मुंबईच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट गव्हाला टाकून बघितलं: साडेतीन स्टार

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातला अर्धा टेम्पो घेऊन आलेल्या पोराचा, कारण त्याने गोण्या रस्त्यावर फेकून न देता पार बांधापर्यंत उतरवून दिल्या. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, एक तर मला कोणाशी भांडत बसायचं नाही आणि दुसरं म्हणजे सोसायट्यांचा ओला कचरा उचलून त्याचं कंपोस्ट विकणारे आता मुंबईत जागोजागी झालेत, माल सगळ्यांचा थोड्याफार फरकाने सारखाच, त्यामुळे कोणाकडूनही घेणार असाल तरी खालचं वाचून घ्या. विशेषतः ज्यांची गावाला दोन-चार एकर जमीन आहे आणि रब्बीत गहू असतो त्यांनी. गॅलरीत तुळस नि कढीपत्ता लावणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू नाही, त्यांना कुठलंही कंपोस्ट चालतं, बिनधास्त घ्या.

मी राहते चेंबूरला, माहेर निफाड तालुक्यातलं. बाबांच्या मागे थोडी जमीन माझ्या नावावर आली पण कसतो दादाच, मी फक्त खर्चाला निम्मे पैसे देते आणि फोनवर डोकं खाते. आता निफाडला गहू म्हटलं की खताचा प्रश्न वेगळाच आहे. रासायनिक खत मिळतं, मिळत नाही ते शेणखत. बैल गेले, ट्रॅक्टर आले, दारात एक गाय उरलीय आणि गावात जे काय शेणखत निघतं ते सगळं द्राक्षबागेत जातं, कारण बागायतदार ट्रॉलीला जो भाव देतो तो गहूवाल्याला परवडूच शकत नाही. मग गव्हाच्या वावरात वर्षानुवर्षं नुसतं युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत). सॉइल हेल्थ कार्डावर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन) ०.४ टक्क्याच्या आसपास, शेजारी 'कमी' असा शिक्का. दादाला ते कार्ड दाखवलं की तो म्हणतो कार्ड खाऊन गहू येतो का.

इकडे मुंबईत बरोबर उलटं. २०१६ च्या घनकचरा नियमांनंतर महापालिका मोठ्या सोसायट्यांच्या मागे लागली की ओला कचरा आवारातच जिरवा, मग सोसायट्यांनी मशीनं घेतली, ड्रम घेतले, कोणी बाहेरच्या कंपनीला काँट्रॅक्ट दिलं, आणि आता एवढं कंपोस्ट तयार होतंय की बागेत टाकून टाकून किती टाकणार. तर अशाच एका कंपनीकडून ४० किलोची गोणी २४० रुपये या भावाने घेतली, म्हणजे किलोला ६ रुपये. हाच माल ऑनलाइन एक-दोन किलोच्या छान छान पाकिटात घेतलात तर कितीतरी पट महाग पडतो, त्यामुळे घ्यायचाच तर गोणीने आणि थेट.

दादाची पहिली प्रतिक्रिया, "मुंबईचा कचरा आणून माझ्या वावरात टाकते का गं?" वहिनीने मात्र गोणी फोडून हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली मातीसारखा तर येतोय वास, टाका की.

आता मुख्य मुद्दा, आणि यासाठीच एवढं लिहायला बसलेय. कंपनीच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये लिहिलं होतं की एकरी एक टन टाका, केमिकलची गरज नाही. हे साफ चुकीचं आहे, आणि हिशोब अगदी सोपा आहे. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला आपल्याकडे हेक्टरी १२० किलो नत्र (नायट्रोजन), ६० स्फुरद (फॉस्फेट), ४० पालाश (पोटॅश) अशी शिफारस आहे, म्हणजे एकराला साधारण ४८, २४ आणि १६. शहरी कंपोस्टला केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात किमान नत्र सांगितलंय ०.८ टक्के. म्हणजे एका टनात ८ किलो. तेही सगळं पहिल्या हंगामात पिकाला मिळत नाही, फार तर पाव ते तिसरा हिस्सा मिळतो, बाकीचं सावकाश पुढच्या पिकांना. म्हणजे पदरात पडलं दोन-अडीच किलो नत्र. एवढं नत्र ५ किलो युरियात असतं. ४५ किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, म्हणजे ५ किलो झाले ३० रुपयांचे. आणि त्या टनाला मी मोजले ६,००० रुपये, भाडं वेगळं.

मान्य आहे की युरिया एवढा स्वस्त आहे तो सरकार सबसिडी देतं म्हणून, खरी किंमत त्याच्या कितीतरी पट आहे. पण खिशातून जातात ते तेवढेच ना. त्यामुळे नत्रासाठी म्हणून कंपोस्ट विकत घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि जो विक्रेता तुम्हाला सांगतो की युरिया बंद करा माझं खत टाका, त्याने एकदा तरी गव्हाचं वावर बघितलंय का हे विचारा.

दुसरा दावा, 'एका हंगामात जमीन जिवंत'. यालाही कागद-पेन्सिल घ्या. एक एकराच्या वरच्या अर्ध्या फुटातल्या मातीचं वजन ९ लाख किलोच्या आसपास भरतं. कंपोस्टमध्ये सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के असायला हवा, म्हणजे टनात १२० किलो. तो सगळाच्या सगळा जमिनीत टिकला असं धरलं तरी कर्ब ०.४० वरून ०.४१ च्या जरासा वर जाईल, आणि टिकत तर नाहीच, निम्म्याहून जास्त कुजून हवेत जातो. कार्डावरचा शिक्का बदलायला वर्षानुवर्षं टाकत राहावं लागतं. म्हणूनच कृषी विद्यापीठ गव्हाला हेक्टरी १० टन शेणखत सांगतं, एकराला ४ टन, आणि तेही रासायनिक डोससोबत, त्याच्याऐवजी नाही.

मग टाकायचं कशाला? टाकायचं, कारण नुसतं रासायनिक टाकत राहिल्याचे परिणाम माहितीयेत. आपल्याकडे आयसीएआरने (भारतीय कृषी संशोधन परिषदेने) १९७० पासून देशभर दीर्घकालीन खत प्रयोग चालवलेत, लुधियाना, पंतनगर, आपल्याकडे अकोल्याला ज्वारी-गहू, आणि त्यातून जे दिसलं ते एका ओळीत सांगायचं तर नुसतं नत्र देत गेलेल्या प्लॉटचं उत्पादन घसरत गेलं, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त असं एकेक कमी पडायला लागलं, आणि सर्वात वर टिकून राहिले ते पूर्ण एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) अधिक शेणखतवाले प्लॉट. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला तर १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे, त्या शेताचं नाव ब्रॉडबॉक. तिथे शंभरेक वर्षं नुसतं शेणखत आणि नुसतं रासायनिक यांच्यात फारसा फरक पडला नाही, दोन्हीकडे गहू जवळपास सारखाच. मग बुटक्या जाती आल्या, आणि १९६८ पासून शेणखतावर वरून नत्रही द्यायला लागले तेव्हा तो प्लॉट सगळ्यात वरच्यांमध्ये जाऊन बसला. फक्त त्यांचं शेणखत किती तर हेक्टरी ३५ टन! दरवर्षी! एकराला १४ टन. निफाडला एवढं शेणखत आणायचं तर आधी सगळे द्राक्षवाले गाव सोडून जायला हवेत. मतलब एवढाच की सेंद्रिय विरुद्ध रासायनिक हे भांडण मुंबईतल्या सोसायटीच्या ग्रुपवर चालतं, वावरात दोन्ही लागतात.

(ग्रुपवर एका काकांनी मला लिहिलं की केमिकलचा गहू म्हणजे विष. काका, मुळाला नत्र लागतं ते नायट्रेट नाहीतर अमोनियमच्या रूपात, ते गाईच्या शेणातून आलं की थळच्या युरिया कारखान्यातून हे मुळाला कळत नाही.)

आता आम्ही काय केलं ते. दादाने एकाच वावरात पट्टे पाडले, वाण सगळीकडे एकच, त्र्यंबक, निफाडच्याच संशोधन केंद्राचा. एक पट्टा दादाच्या पद्धतीचा, नुसतं रासायनिक. दुसऱ्यात पूर्ण रासायनिक अधिक कंपोस्ट. तिसऱ्यात कंपोस्ट आणि रासायनिक पाऊण डोस. आणि बांधाकडेचे दोन-तीन गुंठे फक्त कंपोस्ट, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, दादा म्हणाला तेवढे माझ्या वाटणीतून कापायचे.

रासायनिकमध्ये सुफला १५:१५:१५ वापरलं. हे आपल्या चेंबूरच्या आरसीएफ या सरकारी खत कंपनीचं, ट्रॉम्बेला बनतं, आणि मला उगाच बरं वाटतं की ज्या कारखान्यावरून मी रोज बसने जाते त्याचं पोतं माहेरच्या ओसरीत पडलेलं असतं. एकराला सुफलाची दोन पोती म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही १५-१५ किलो. पालाश जवळपास भागला. स्फुरद कमी पडतो म्हणून सिंगल सुपर फॉस्फेटचं एक पोतं, त्यातून ८ किलो स्फुरद आणि वर गंधक फुकट. नत्राचा पहिला हप्ता २४ किलोचा, त्यात ९ कमी पडतात म्हणून २० किलो युरिया पेरणीला. राहिलेलं निम्मं नत्र म्हणजे आणखी ५२ किलो युरिया तीन आठवड्यांनी, मुकुटमुळं (खोडाच्या तळाशी येणारी मुळं) फुटायच्या वेळेला. युरिया आणि सुफला घ्यायला दुकानात आधार आणि पॉस मशीनवर अंगठा लागतो, ते दादानेच केलं. दुकानाचं नाव नको, पण युरियासोबत कसलंसं टॉनिक गळ्यात मारलंच, याला तिकडे लिंकिंग म्हणतात आणि सगळ्यांना माहीत असतं. ती बाटली अजून फडताळात आहे, ज्याला हवी त्याने घेऊन जा.

कंपोस्ट पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी, शेवटच्या कुळवणीच्या वेळी पसरून मातीत मिसळलं. सुपर फॉस्फेट आम्ही मोकळं न टाकता कंपोस्टमध्येच कालवलं. ही युक्ती मला फार आवडते. आमची जमीन काळी, चुनखडीची, त्यात स्फुरद टाकला की चुन्याशी बांधला जातो आणि पिकाला थोडाच मिळतो, सेंद्रिय खतासोबत दिला की तेवढा बांधला जात नाही. झिंक सल्फेटही तसंच, कार्डावर जस्त कमी होतं म्हणून एकरी ८ किलो, तेही कंपोस्टमध्येच मुरवून. डीएपी किंवा सुपरमध्ये झिंक कधी मिसळू नका, दोघं एकमेकांना धरून बसतात. म्हणून झिंकवाला ढीग वेगळा आणि सुपरवाला वेगळा. ॲझोटोबॅक्टर आणि पीएसबी (हवेतलं नत्र धरणारे आणि स्फुरद मोकळा करणारे जिवाणू) मात्र बियाण्यालाच लावले, रासायनिक खतात ती जिवाणूंची पाकिटं मिसळली तर जिवाणू मरतात, हे दुकानदार सांगत नाही.

पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पाभरीने. इथे पहिला त्रास. दादाला कंपोस्ट पाभरीच्या नळीतून सुफलासोबत सोडायचं होतं थोडं, पण माल इतका ओला की नळी तुंबली. ओला म्हणजे किती, तर गोणीतला मूठभर घेऊन दाबला तर बोटांच्या मधून पाणी आलं. कंपोस्टमध्ये ओलावा १५ ते २५ टक्के असावा असा नियम आहे, हा नक्कीच त्याच्या वर होता, म्हणजे ६ रुपये किलोने मी थोडं पाणीसुद्धा विकत घेतलं आणि कसारा घाट चढवून नेलं. या एका गोष्टीसाठी अख्खा एक स्टार कापला.

दुसरा त्रास आतल्या मालाचा. दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे! ते इवलेसे त्रिकोण, कैचीने पिशवी कापली की आपण सिंकमध्ये टाकतो ना, ते. प्रत्येक गोणीत. शिवाय रबरबँड, हाराचे दोरे, अगरबत्तीच्या काड्या, नारळाची शेंडी, एका गोणीत स्टीलचा चमचा. वहिनीने चमचा धुऊन ठेवला. प्लॅस्टिकचे कोपरे मात्र वेचत बसावं लागलं, कारण ते मातीत कायमचे राहतात. चाळणीतून काढलेला माल असता तर हे आलंच नसतं, नियमानुसार ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवा. यातली अर्धी चूक कंपनीची आणि अर्धी तुमची-आमची, चौथ्या मजल्यावरून डबा खाली देताना कोण बघतंय आत काय आहे ते.

आणि तिसरं, गव्हात टोमॅटो उगवले. खोटं नाही सांगत, ओळींच्या मधे टोमॅटोची रोपं, एका ठिकाणी भोपळ्याचा वेल. दादाने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, सॅलड पण पिकवायचं आहे का. याचा अर्थ कंपोस्टचा ढीग पुरेसा तापलाच नव्हता, नीट कुजताना आतलं तापमान ५५-६० अंशांपर्यंत काही दिवस राहिलं तर बिया आणि रोगजंतू दोन्ही मरतात. टोमॅटोचं हसण्यावारी नेता येतं, पण बी जिवंत राहिलं म्हणजे बाकीचंही काहीबाही जिवंत राहिलं असणार. निफाडची थंडी टोमॅटोच्या कोवळ्या रोपांना फार सोसवली नाही, त्यांचा बंदोबस्त आपोआप झाला.

थंडीवरून आठवलं, दर डिसेंबरला तुम्ही पेपरात वाचता ना निफाडचा पारा घसरला, त्या थंडीचा इथे थेट संबंध आहे. गव्हाला ती थंडी हवीच असते, फुटवे चांगले येतात. पण कंपोस्टमधलं नत्र पिकाला मिळतं ते मातीतल्या जिवाणूंनी ते सोडवल्यावर, आणि थंडीत जिवाणूंचं काम मंदावतं. म्हणजे गव्हाला नत्राची भूक लागते नेमकी तेव्हाच कंपोस्टचं दुकान अर्ध्या शटरवर. त्यात अर्धवट कुजलेल्या मालात कर्ब जास्त, नत्र कमी, जिवाणू तो कर्ब खायला मातीतलंच नत्र उचलतात आणि पीक उपाशी. कागदावर वाचलं होतं, वावरात दिसलं. फक्त कंपोस्टचे जे गुंठे होते तिथे तीन आठवड्यांत खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडत आली, फुटवे मोजके. बांधावर उभं राहिलं की रेघ मारल्यासारखं दिसायचं, इथून पिवळं, इथून हिरवं. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायचा, हा आमच्या ताईचा ऑरगॅनिक गहू.

शेजारच्या दोन्ही मिश्र पट्ट्यांत मात्र असं काही झालं नाही. पेरणीला युरिया होता, तीन आठवड्यांनी पहिलं पाणी देऊन वाफसा आल्यावर (पाणी निथळून माती नुसती ओलसर राहिल्यावर) दुसरा हप्ता, जिवाणूंनाही मिळालं आणि गव्हालाही. युरिया वर नुसता पसरून सोडू नका, आपल्या चुनखडीच्या जमिनीत तो अमोनिया होऊन उडून जातो, मातीआड झाला पाहिजे.

निकाल असा. पाऊण डोस अधिक कंपोस्ट आणि दादाचा पूर्ण रासायनिक, दोन्ही पट्टे उत्पादनात जवळपास सारखे, मळणीनंतर पोती मोजली तेव्हा दादानेही खळखळ न करता मान्य केलं. पूर्ण डोस अधिक कंपोस्ट थोडा वरचढ, एकरी एखाद्या पोत्याने, पण जिथे गोण्या ओतून ढीग मारला होता तेवढ्या जागी गहू इतका माजला की ओंब्या भरायच्या वेळेला वाऱ्याने लोळला. फक्त कंपोस्टवाल्या गुंठ्यांचं लिहीत नाही, माझ्या वाटणीतले होते. एका हंगामावरून आणि एका वावरावरून मी कोणाला काही सिद्ध करून दाखवत नाहीये, जमिनीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा मुळातच चांगला असू शकतो. दादाचं म्हणणं की कंपोस्टच्या पट्ट्यात ओल जास्त टिकली. मला वाटतं की वरती कर्बाचा जो हिशोब केला तो बघता एका टनाने एवढं होणार नाही, पण तो रोज वावरात असतो, मी नसते.

चपातीचं लोक विचारतात. वेगवेगळ्या पट्ट्यांचा गहू वेगवेगळा दळून आणला, गिरणीवाला वैतागला, चपात्या केल्या, घरात कोणालाही फरक ओळखता आला नाही. चव आणि मऊपणा जातो मुख्यतः वाणावर. 'केमिकल फ्री चव' वगैरे जे पाकिटावर छापतात त्याला माझ्याकडून शून्य.

ऑफिसमधल्या मैत्रिणीला एवढं सगळं सांगितलं तर ती म्हणाली म्हणजे युरिया हा पगार आणि कंपोस्ट हा पीएफ. बरोबर आहे. पीएफमधून या महिन्याचं वाणसामान येत नाही.

कस्टमर सर्व्हिसबद्दल: व्हॉट्सॲपवर उत्तर येतं, पण ऑर्डर देईपर्यंत दोन मिनिटांत आणि पैसे दिल्यावर दोन दिवसांनी. ओल्या मालाचा व्हिडिओ पाठवला तर आधी म्हणाले पावसाळ्यात असं होतं, मी म्हटलं ऑक्टोबर आहे, मग पुढच्या ऑर्डरवर सूट देतो म्हणाले. लॅब रिपोर्ट मागितला तर पाठवला, हे मात्र चांगलं, सगळेच देत नाहीत. त्यात नत्र-स्फुरद-पालाश सोडून बाकीचं बघा. शिसं, कॅडमियम, पारा यांच्या मर्यादा आदेशात दिलेल्या आहेत. आणि ईसी, म्हणजे क्षार. घरातल्या उष्ट्या-खरकट्याच्या कंपोस्टमध्ये मीठ असतंच, ईसी ४ च्या वर असेल तर घेऊच नका, आमच्याकडे गोदावरीच्या कालव्याच्या पाण्यावर आधीच काही वावरं खारवट झालीत, त्यात आणखी मीठ कुठे नेऊन घालायचं. माझ्या रिपोर्टमध्ये मर्यादेत होता पण काठावर. बी रुजायला मात्र कुठे अडचण आली नाही.

परत घेणार का? हो, पण तीन अटींवर, चाळलेला माल, कोरडा माल, आणि नवा रिपोर्ट. एकाच वावरात दरवर्षी, आणि पाऊण डोस रासायनिक कायम. दादाचंही आता तेवढ्यापुरतं हो आहे, फक्त पैसे तू दे म्हणतो. ज्यांना गावातच शेणखत परवडतंय त्यांनी मुंबईहून काही नेऊ नका, चांगलं कुजलेलं शेणखत कधीही बरं, आणि त्यात दुधाच्या पिशव्यांचे कोपरे नसतात.

भाड्याचं तेवढं सांगून ठेवते. कंपनीच्या टेम्पोचं निफाडपर्यंतचं भाडं मालाच्या किमतीच्या जवळपास जातं, ते देऊ नका. लासलगाव-पिंपळगावकडून कांदा आणि भाजी घेऊन वाशी मार्केटला रोज गाड्या येतात, माल उतरला की त्यातल्या बऱ्याच रिकाम्याच परत जातात, त्यांच्याशी परतीचं भाडं ठरवलं तर निम्म्यात काम होतं. गावातल्या कोणाचा तरी माल वाशीला जात असतोच, त्याच्याकडून ड्रायव्हरचा नंबर घ्यायचा, गोण्या चेंबूर किंवा मानखुर्दला हायवेच्या कडेला तयार ठेवायच्या, ताडपत्री आहे का ते आधीच विचारायचं. दिवाळीच्या आठवड्यात मात्र एकही गाडी हाताला लागत नाही, त्यामुळे जे करायचं ते दसऱ्याच्या आसपास.